वीस तोळे माती

शके १८६३, श्रावण शुद्ध तृतीया, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. आमच्या तालमीच्या हौद्यातली ओली माती: वीस तोळे.

ही नोंद माझ्या वहीत शाईने केलेली आहे आणि तिच्याखाली दोन रेघा आहेत. ज्या आकड्यावर काहीतरी अवलंबून असेल, त्याच्याचखाली मी दोन रेघा ओढीत असे. या आकड्यावर माझे वडील अवलंबून होते.

आबा गंगाखेडच्या तालमीचे वस्ताद होते, एकोणीस वर्षे. वस्तादाची नेमणूक आमच्याकडे कागदावर होत नसे. नागपंचमीला जमिनीत लोखंड घालायचे नाही, म्हणून हौदा, म्हणजे कुस्तीची माती भरलेला तो चौकोनी खड्डा, दुसऱ्या दिवशी, षष्ठीला, नव्याने खणला जाई. पंच कुदळीला हळदकुंकू लावून ती मारुतीपुढे ठेवीत आणि मग उचलून ज्याच्या हातात देत, तो पुढच्या वर्षाचा वस्ताद. पहिला घाव त्याचा. काढून टाकणेही तसेच, न बोलता होई. कुदळ दुसऱ्या हातात गेली की संपले. आणि ज्याच्या हातची कुदळ एकदा काढली, त्याला आमच्या भागातली दुसरी कोणतीही तालीम उभे करीत नसे. आबा छप्पन्न वर्षांचे होते. त्यांना माणसे घडवण्याखेरीज दुसरे काही येत नव्हते. आम्ही राहत होतो त्या दोन खोल्याही तालमीच्याच होत्या.

सोनपेठच्या जत्रेत शेवटची, मानाची कुस्ती आमच्या आणि त्यांच्या तालमीत लागे. ती आम्ही ओळीने तीन वर्षे हरलो होतो. तीन प्रयोगांवरून निष्कर्ष काढू नये, असे मला हैदराबादेस शिकवले होते. मी तिथे मुलींच्या कॉलेजात वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, इंटरची परीक्षा दिली होती, सगळे शास्त्र उर्दूतून शिकले होते, आणि पुढच्या वर्गात नाव घातल्यावर हिवतापाने आजारी पडून महिनाभरासाठी घरी आले होते. गावाला मात्र तीन प्रयोग पुष्कळ होते. आषाढ संपायच्या आतच बातमी पसरली की पंच कोल्हापूरहून नवा वस्ताद आणणार.

मला ती बातमी विहिरीवर कळली. शेजारच्या काकूंनी पोहरा सोडता सोडता विचारले, "काय गं शिकल्याली बाई, तुझा बाप सोनपेठवाल्याला कवा पाडणार, लिव्हलंय का तुझ्या बुकात?"

"काकू, पाडायचं पैलवानानं असतं. आबा शिकवतात."

"आगं तेच की! भाकर करपली तर पिठाला कोन बोलतंय? करणारणीलाच बोलत्यात." आणि दुसरीकडे वळून, आवाज न उतरवता, "कोल्हापूरवाला यायलाय म्हनं. लय तगडा हाय म्हनत्यात. रेल्वेनं यायलाय."

बायका हसल्या. मी घागर अर्धीच भरून परत आले.

काकूंचे ते भाकरीचे वाक्य मला पुढे फार दिवस पुरले. परंतु त्या क्षणी मी फक्त एवढेच ठरवले की पीठ तपासायचे.

तालमीत बाईने जायचे नाही. हौद्याच्या मातीला तिने पाय लावायचा नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत तालमीकडे उघडणारा, हातभर उंचीचा एक झरोका होता, तेवढीच माझी प्रयोगशाळा. त्यातून मी मागच्या दोन सुट्ट्यांत पैलवानांची नाडी मोजली होती. त्यांनी शंभर जोर काढायचे, झरोक्यातून मनगट आत घालायचे आणि मी पंचांनी तालमीला दिलेल्या टाइमपीसवर एक मिनिट धरायचे. ते टाइमपीस कुस्त्यांच्या वेळेसाठी होते, पण राहायला आमच्याकडे होते. आबांचे मनगट मला कधी मिळाले नाही. "माझी मोजून काय करायलीस? मी काय कुस्ती धरायलाव?" एवढेच ते म्हणत.

थोरला पैलवान, तीनही वर्षे हरलेला तो हाच, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलीत असे. दोन लेकरांचा बाप होता. मला तो लहानपणापासून आक्का म्हणे. त्याच्या नाडीत दोष नव्हता. शंभर जोरांनंतर ती ज्या वेगाने उतरे, तशी कोणाचीच उतरत नसे. मग तो का हरतो? मी त्यालाच विचारले.

त्याने झरोक्यापलीकडे एक पाय उचलून पाहिला. मग म्हणाला, "पाय मागं ऱ्हातो, आक्का. सोनपेठच्या आखाड्यात मन म्होरं जातंय आन पाय मागंच. आपल्या हौद्यात तसं व्हत न्हाई."

"माती वेगळी आहे का तिथली?"

"हलकी हाय. भुसभुशीत. पायाखाली हाय का न्हाई कळत बी न्हाई."

यानंतर सगळे मला एकदम स्पष्ट दिसले. जड, ओल्या मातीत शिकलेला पाय ती ओढ गृहीत धरून उचलला जातो. ती ओढ नाहीशी झाली की चुकतो. दोष शिकवण्यात नव्हता, मातीत होता, आणि माती मोजता येत होती.

"सोनपेठची मूठभर माती आणशील?"

"बाजाराला जायलाव सोमवारी. पर दुसऱ्याच्या आखाड्याची माती चोरली म्हून धरलं तर हाडं मोडतील, आक्का. कुस्तीत मोडली न्हाईत, ती बाजारात मोडतील."

त्याने आणली. उपरण्याच्या गाठीत बांधून, वर गवारीच्या शेंगा ठेवून. ओल उडू नये म्हणून मी ती लगेच मेण लावलेल्या कापडात गुंडाळली. आमच्या हौद्यातली मातीही त्यानेच बोगणीत भरून झरोक्यातून दिली. आबा तेव्हा नदीवर गेले होते. मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी नको म्हटले असते, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण आणखीही एक होते. मला आबांना वाचवायचे होते, आणि मला बरोबर ठरायचे होते. त्या दोन इच्छा मी त्या आठवड्यात एकमेकींपासून वेगळ्या करू शकले नाही.

तृतीयेला सकाळी वाण्याकडून आणलेल्या तराजूत मी दोन्ही मात्या वीस-वीस तोळे तोलल्या आणि आईच्या तव्यावर, मंद जाळावर, एकामागून एक वाळवल्या.

आई दारात येऊन उभी राहिली. "माती भाजायलीस? भाकरीच्या तव्यावर?"

"आबांसाठी आहे."

"आबा भाकर खातेत, माती न्हाई," ती म्हणाली. पण तिने जाळ कमी करून दिला. मग पदराने घाम पुसत हलकेच विचारले, "याच्यानं कुदळ ऱ्हाईल का गं हातात?"

"राहील."

एवढ्या ठामपणे मी आयुष्यात दुसरे काही बोलले नाही.

सोनपेठची माती वाळून अठरा तोळे भरली. म्हणजे पाणी दोन तोळे. आमची भरली पंधरा. पाणी पाच तोळे, चौथा हिस्सा. वाळल्यावर ती तव्याला चिकटून तडकली आणि तिचे खपले निघाले. सोनपेठची तांबूस, बोटांतून गळणारी भुकटी झाली. खपले पडणारी माती मी शेतात जन्मभर पाहिली होती. ती कापसाची काळी माती होती. हौद्यात तांबडी माती असावी लागते, हे तालमीबाहेरच्या मुलीलाही माहीत असते. मी वहीत लिहिले: आमच्या हौद्यात काळ्या मातीचे प्रमाण फार आहे. ती पाणी धरून ठेवते. पैलवानांच्या हरण्याचे कारण हे आहे.

ती तिथे कशी आली, हे मी लिहिले नाही. मला तो प्रश्नच पडला नाही. शास्त्राच्या विद्यार्थिनीला तो पडायला हवा होता.

चतुर्थीला मी वकीलसाहेबांकडे गेले. ते पाच पंचांपैकी एक. मुन्सफ कोर्टात वकिली करीत, अर्धे उर्दूत बोलत, आणि माझ्या वजिफ्याच्या अर्जावर त्यांनीच सही केली होती. अध्यक्ष होते जिनिंगचे मालक शेटजी, पण शेटजी वकीलसाहेबांना विचारल्याशिवाय काही करीत नसत. मी माझी वही आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेला एक कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "बहोत खूब, बेटी. हे तू घरी, चुलीवर केलंस?"

"तव्यावर."

"तव्यावर!" ते मनापासून हसले. "हैदराबादेला कळलं तर तुझा वजिफा दुप्पट होईल. कागद माझ्याकडे राहू दे. उद्या पंच बसणार आहेत, तेव्हा मी वाचतो."

मी घरी धावत आले असे म्हणायला हरकत नाही. त्या रात्री मी जेवले. हिवताप आल्यापासून पहिल्यांदा पोटभर.

नागपंचमीला मला पुन्हा एकदा मोजमाप घ्यायचे होते. एकाच वाळवणीवर विसंबून राहणे बरे नव्हे. परंतु नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत. आईने तो आदल्या संध्याकाळीच धुऊन उलटा घालून ठेवला होता. बाहेर बायका वारूळ पुजायला निघाल्या होत्या, पिंपळाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. मी झरोक्यापाशी बसले. दुपार कलल्यावर पंच मारुतीपुढे सतरंजीवर बसले. आबा त्यांच्यासमोर, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. पैलवान भिंतीशी उभे.

वकीलसाहेबांनी माझा कागद वाचला. सगळा, एकही शब्द न गाळता. वीस तोळे, अठरा तोळे, पंधरा तोळे. काळी माती. पैलवानांच्या हरण्याचे कारण हे आहे. माझी वाक्ये त्या पुरुषांच्या बैठकीत फार चांगली वाजत होती, आणि मला अभिमान वाटला. हे इथे लिहिले पाहिजे.

शेटजींनी विचारले, "कोन लिव्हलं हे?"

"वस्तादांच्या मुलीनं. शास्त्र शिकलेली आहे."

"हां." शेटजींनी तपकीर ओढली. "वस्ताद, हौद्याची माती कोन कालवतंय?"

आबा म्हणाले, "मी."

"आनखी कोनाचा हात लागतंय तिला?"

"न्हाई. वस्तादाबिगर कोनाचाच लागत न्हाई."

 बाहेर मुली गात होत्या. काकूंचे वाक्य मला तेव्हा आठवले, आणि आठवताच कळले की मी पीठ तपासले नव्हते. तालमीत माती हे सामान नसते. तेल, ताक, हळद, लिंबू घालून, पंधरा दिवस पायाखाली तुडवून वस्ताद ती करतो. पैलवान तिला वस्तादाचा हात म्हणतात. आबा माती कालवतात हे मला अर्थात ठाऊक होते. आई कणीक मळते हे ठाऊक असते, तसे. मातीला दोष देणे म्हणजे वस्तादाला दोष देणे, हे पलीकडे उभ्या असलेल्या सर्वांत धाकट्या पैलवानालाही कळत होते. भिंतीच्या अलीकडे बसून तेवढे मला कळले नव्हते.

थोरला पैलवान पुढे आला. "शेटजी, एक बोलू का? तांबडी माती तीन वरसं झाली, आलीच न्हाई. बालाघाटाच्या डोंगरावरून दोन गाड्या तुमच्याकडून यायच्या दर साली. तुमचे बैल कापसाला गेले, गाड्या—"

"गप बस," आबा म्हणाले.

"वस्ताद, पर खरं हाय ते—"

"गप बस म्हनलं ना! मारुतीम्होरं तोंड चालवायलास?"

तो मागे सरला. शेटजी दाराकडे पाहत राहिले. वकीलसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. बैठक उठली.

मी अनवाणीच वकीलसाहेबांच्या मागे गेले. त्यांच्या दारात गाठले. "तीन वर्षं गाड्या आल्या नाहीत. आबांनी काळी माती नाइलाजानं घातली. हे त्या कागदात लिहा. मी आत्ता लिहून देते."

त्यांनी मला बसायला सांगितले नाही. "हे तू कालच का नाही लिहिलंस?"

"मला माहीत नव्हतं."

"तर मग बेटी, काल तू लिहिलंस ते शास्त्र होतं. आज लिहिशील ती फिर्याद आहे. आणि मुलीची फिर्याद बापाच्या बाजूनं, कोण ऐकणार?" मग थोडे मऊ होऊन म्हणाले, "फैसला आषाढातच झालेला आहे. कोल्हापूरचा माणूस दुपारच्या गाडीनं उतरलासुद्धा. गावाला काय सांगायचं, एवढंच राहिलं होतं. एकोणीस वर्षांच्या माणसाला काढायचं म्हणजे कारण लागतं."

मी विचारले, "ते तुम्हाला काल माहीत होतं?"

 खिशातला कागद त्यांनी मला परत दिला नाही.

घरी आबा चुलीसमोर बसले होते. मी उंबऱ्यातच थांबले. त्यांनी वर न पाहता विचारले, "सोनपेठची किती भरली?"

"अठरा."

"आन आपली?"

"पंधरा."

त्यांनी मान हलवली. "बराबर हाय. माझ्या हाताला कळत हुतं. पाच तोळ्याचं कळत नव्हतं, पर जड झाली हाय एवढं कळत हुतं."

"मग तुम्ही शेटजींना गाड्या का मागितल्या नाहीत? आज का बोलला नाहीत? एक वाक्य, आबा. एक वाक्य बोलला असता तर—"

"मातीचं दान मागायचं नसतंय. देनाऱ्यानं आनून टाकायची, वस्तादानं कालवायची. मागून आनल्याली माती हौद्यात चालत न्हाई. माझ्या वस्तादानं कवा मागितली न्हाई."

"आणि पैलवान हरत राहिले तरी?"

आई म्हणाली, "पुरे कर गं."

आबा माझ्याकडे बघत होते. रागावलेले असते तर बरे झाले असते. "तू मला इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं. पंचास्नी न्हाई."

रात्रभर मी दुसरा काही उपाय शोधत राहिले. थोरल्या पैलवानाने उद्या मातीत उतरायला नकार द्यावा. मग त्याचे जिनिंगमधले काम जाईल, दोन लेकरे. कोल्हापूरच्या वस्तादाला जाऊन भेटावे. तो कोण लागतो आपला. आबांच्या ऐवजी मीच पंचांची माफी मागावी, कशाबद्दल. प्रत्येक मार्गाच्या शेवटी माझा तो कागद होता, माझ्या स्वच्छ अक्षरातला. तो खोटा असता तर मला तो खोटा ठरवता आला असता.

षष्ठीला उजाडताच गाड्यांचा आवाज आला. मी दार उघडून पाहिले. दोन बैलगाड्या, वर बांधलेली ताडपत्री, आणि फळ्यांच्या फटींतून रस्त्यावर सांडत आलेली तांबडी माती. तीन वर्षांनी. गाडीवानाने विचारले, "वस्ताद कुठं हायत? कुठं रिचवायची?" मी तालमीच्या मोठ्या दाराकडे बोट दाखवले.

आबांनी आंघोळ केली होती, धुतलेला फेटा बांधला होता. दर षष्ठीला बांधत तसा. कुणी बोलावायला आले नाही. ते मागच्या ओट्यावर, भिंतीला पाठ न टेकता बसून राहिले. आईने खोलीतली भांडी पोत्यात भरायला सुरुवात केली होती. एकेक भांडे ती फडक्यात गुंडाळीत होती, आवाज होऊ नये म्हणून.

पलीकडे हलगी वाजू लागली. मग थांबली. मारुतीचा जयजयकार झाला. आणि त्यानंतर एक घाव, ओल्या जड मातीत कुदळ रुतल्याचा. तो आवाज कसा असतो हे मला दर वर्षी झरोक्यातून ऐकून माहीत होते. या वर्षी कुदळ लवकर निघाली नाही. ती उपटून काढायला नव्या माणसाला दोनदा जोर लावावा लागला. माती खरोखरच जड होती.

आबांनी डोळे मिटले. दुसरा घाव पडला, तिसरा.

झरोक्यापाशी थोरला पैलवान आला. त्याचे अंग मातीने भरलेले नव्हते. तो अजून हौद्यात उतरला नव्हता. "आक्का," तो म्हणाला. "घड्याळ मागायलेत. तालमीचं हाय म्हून. मी न्हाई म्हनत हुतो, पर दुसऱ्या कोनाला धाडलं असतं."

"देते. एक मिनिट थांब."

मी टाइमपीस घेऊन ओट्यावर गेले. वहीसुद्धा घेतली. आबांना काही विचारायचे मला धाडस झाले नाही. मी फक्त त्यांच्याजवळ बसले. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिले, झरोक्याकडे पाहिले. मग बाही वर सारली आणि मनगट माझ्यापुढे धरले.

ते मनगट माझ्या दोन बोटांत मावत नव्हते. कातडी थंड होती. आत नाडी अशी पळत होती, जणू त्यांनी नुकतेच शंभर जोर काढले होते. पलीकडे कुदळ पडत होती. तिचे घाव आणि ठोके एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मला ओठ हलवून मोजावे लागले. सेकंदाचा काटा फिरून वर आला. मी घड्याळ झरोक्यातून बाहेर दिले आणि वहीत लिहिले.

आबा, बसलेले, काही श्रम न करता. श्रावण शुद्ध षष्ठी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. एकशे बारा.